अर्डिसने कुणाचा अँटीव्हायरस घ्यावा

अर्डिस क्वामीला नाही म्हणता येत नसे. तसं ते अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आमच्या टॉर्सबी गावात कुणालाच येत नाही, पण बाकीचे निदान मनातल्या मनात तरी म्हणून घेतात. अर्डिसला तेही जमत नसे. चर्चच्या तळघरात एकत्र जेवण असलं की घरोघरून एकेक भांडं येतं, आणि रांगेतून पुढे सरकताना प्रत्येक भांड्यातलं चमचाभर तरी ताटात घ्यावं लागतं, कारण ज्या बाईचं भांडं ती कॉफीच्या किटलीआडून बघत उभी असते. चतुर माणसं यातूनही वाट काढतात. अर्डिस एकूण एक भांड्याचा मान राखायची आणि घरी येऊन पोटावर हात ठेवून पडून राहायची.

अशा बाईवर अँटीव्हायरस निवडायची पाळी आली, आणि तीही नेमकी नवऱ्याची छाती उघडायची होती त्या दिवसांत.

दोन हजार चार सालचा हिवाळा. ऑर्लिन क्वामी जन्मभर साखरेचं बीट पिकवत आलेला, खांद्याने दार ढकलणारा धिप्पाड माणूस. जानेवारीत त्याला गोठ्यापर्यंत जाऊन येताना धाप लागली, तेव्हा कुठे तो डॉक्टरकडे गेला. हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या. फार्गो शहरातल्या हॉस्पिटलात जागा झाली की बोलावतील, तेव्हा निघायचं असं ठरलं. घरी येताना गाडीत त्याने अर्डिसला एवढंच सांगितलं, "गावात बोलू नकोस. लोकांना उगाच त्रास." अर्डिस बोलली नाही. पण तिला झोप लागेना, जेवण जाईना. हातात फडकं घेऊन ती दिवसभर पुसलेलंच पुसत राहिली. तिला एकाच गोष्टीची भीती वाटत होती. ऑपरेशनच्या दिवशी आपण हॉस्पिटलातल्या बाकावर एकटीच बसणार की काय?

आमच्याकडे हॉस्पिटलच्या बाकावर कुणी एकटं बसत नाही, आणि त्याचं निम्मं श्रेय अर्डिसलाच होतं. चर्चची प्रार्थनेची साखळी तिच्याकडे होती. कुणी आजारी पडलं, कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाचा गोठा जळला की बातमी साखळीवर जायची. त्यांच्यासाठी प्रार्थना व्हायच्या आणि प्रार्थनेमागून माणसं निघायची. कुणी पायरीवर कीमा-बटाट्याची हॉटडिश ठेवून जाई, कुणी दारापुढचा बर्फ काढून जाई, कुणी हॉस्पिटलात जाऊन शेजारी नुसतं विणत बसे. पूर्वी ही साखळी फोनवरून चालायची. पहिलीने दुसरीला सांगायचं, दुसरीने तिसरीला. त्यात एडना फ्लाटनचा गुडघा दुखतोय म्हणून निघालेली बातमी शेवटच्या घरी पोचेस्तोवर एडना गेली अशी झाली, आणि दोन घरांतून तिच्या नवऱ्याकडे केक पोचले. मग अर्डिसने मुलाचा जुना कॉम्प्युटर मागून घेतला, टाइप करायला शिकली आणि साखळी ईमेलवर आणली. एका बटणासरशी सगळं गाव. तिला या कामाचा फार अभिमान होता. तो ती कुणाला दाखवत नसे, हे वेगळं.

आता जे झालं ते सांगतो. नाताळानंतर तिला एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. त्याला एक फाइल जोडलेली होती. कुणीतरी आपण होऊन काही पाठवलंय, ते न उघडणं बरं दिसत नाही, म्हणून अर्डिसने ते उघडलं. आत काहीच नव्हतं. तिला वाटलं, बिचाऱ्याची काहीतरी चूक झाली असेल. तिने त्याला तसं कळवलंसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून साखळीवरच्या प्रत्येक घरात अर्डिस क्वामीच्या नावाने पत्रं यायला लागली. मथळा असायचा, 'माझे खासगी फोटो, फक्त तुझ्यासाठी'. सकाळी एक, दुपारी एक. पास्टर स्टेनरुड यांनाही आली. हेल्मर आउनी या ऐंशीच्या गृहस्थांनाही आली, आणि त्यांनी ते फोटो उघडायचा बराच प्रयत्न केला अशी कुजबुज आहे.

आता हे तिला सांगायचं कुणी? दुसऱ्या एखाद्या गावात शेजारीण तरातरा आली असती आणि म्हणाली असती, अगं बये, तुझ्या कॉम्प्युटरला कीड लागलीय. आमच्याकडे दातात पालक अडकलेल्या माणसाला लोक आरसा भेट देतील, पण पालक म्हणून तोंडातून शब्द काढणार नाहीत. इथे तर पासष्ट वर्षांच्या बाईच्या नावाने असलं पत्र. सगळ्यांनी आपापल्या घरी मुकाट्याने एकच उपाय केला. अर्डिसचं नाव दिसलं की पत्र न उघडता कचऱ्यात. आणि ज्यांच्याने अगदीच राहवलं नाही, ते आडवळणाने बोलायला लागले.

पहिली आली लव्हॉन ट्वेट. लव्हॉन म्हणजे रस्त्यापलीकडची शेजारीण, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, अर्डिसची शाळेपासूनची मैत्रीण. कॉफी झाली, हवापाणी झालं, कॉफी पुन्हा झाली. उठता उठता ती म्हणाली,

"तो एक अँटीव्हायरस असतो म्हणे."

"असतो का?" अर्डिस म्हणाली.

"आमच्या जावयाने बसवलाय. पिवळा डबा. दुकानात मिळतो."

"छान असेल."

"वाईट नाही म्हणतो तो." लव्हॉनने कोट चढवला, एक बाही घालून थांबली. "बसवून घ्यायला काही हरकत नसते, एवढंच. कुणीही. असं काही नाही की तूच."

"नाही नाही."

"कुणाचंही मशिन असतं ना."

दारात उभं राहून दोघी आणखी बराच वेळ वाऱ्याबद्दल बोलल्या. अर्डिस आत आली आणि विचारात पडली. लव्हॉनने जाता जाता बोलायचं म्हणजे तेवढ्यासाठीच ती आली होती.

दुसऱ्या दिवशी सहकारी दुकानात मांजराचं खाणं घ्यायला गेली, तर गल्ल्यावरच्या डुएन रॉस्टने पिशवी उगाचच दोनदा गुंडाळली. डुएन दुकान बघायचा आणि हंगामात बीटच्या ट्रकांचं वजनही करायचा. गल्ल्याखालून त्याने एक सीडी काढली.

"लाल कंपनीचा आहे. तीन कॉम्प्युटरपुरता घेतला मी, आणि माझ्याकडे दोनच आहेत. वाया जाईल बघ."

"अरे, मी कशी घेऊ?"

"वाया जाईल म्हणून म्हटलं."

"तुला लागेल पुढे."

"नाही लागणार. घे, अर्डिस." डुएनचे कान लाल झाले होते. तिसऱ्यांदा नको म्हणणं उद्धटपणा झाला असता. तिने सीडी घेतली.

आणि बुधवारी, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतलं चर्चमधलं सूप वाढताना, पास्टर स्टेनरुड तिच्या शेजारी पळी घेऊन उभे राहिले. तरुण माणूस, परगावचा, पण एव्हाना आमचा झालेला.

"अर्डिस, इंटरनेटवर एक फुकट मिळतो. हिरवं चिन्ह असतं बघा."

"काय फुकट मिळतं, पास्टर?"

"अँटीव्हायरस. मी वापरतो. देवाच्या कामालासुद्धा संरक्षण लागतंच की." ते हसले, आणि हसून झाल्यावर सूपकडे बघत राहिले. "म्हणजे, साखळीचं काम आहे ना तुमच्याकडे. म्हणून म्हटलं."

अर्डिस वाढायचं थांबली. साखळीचं नाव निघालं होतं. माझ्या कामात काही खोट निघाली का? मग सांगत का नाहीत? आणि विचारायची तर सोय नव्हती, कारण विचारलं असतं तर समोरच्याला सांगावं लागलं असतं, आणि असल्या पेचात दुसऱ्याला टाकणं तिला ठाऊक नव्हतं.

मग तिने काय केलं असेल? जे ती रांगेत ताट घेऊन करायची तेच. पिवळा डबा विकत आणला आणि बसवला. डुएनची लाल सीडी बसवली. पास्टरांचा हिरवा, टेलिफोनच्या तारेवरून टिपूस टिपूस उतरणारा, तोही उतरवून बसवला. एकालाच घेतलं असतं तर बाकीचे दोघे काय म्हणाले असते?

कॉम्प्युटरने दुसऱ्या दिवशी मान टाकली. चालू केला की पिवळा ओरडे, लाल नावाचा एक संशयास्पद इसम घरात शिरला आहे. लाल म्हणे, हिरव्याला हाकलू का? हिरवा बिचारा फुकटचा, तो नुसताच गोल गोल फिरे. माउस हलवला तर बाण थोड्या वेळाने हले. अर्डिस घाबरून प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत सुटली, आणि प्रत्येक हो नंतर नवा प्रश्न. इकडे फार्गोचा फोन कधीही येईल आणि साखळीचं हे यंत्र असं धापा टाकत बसलेलं. ती उठायची, खिडकीपाशी जायची, पुन्हा येऊन बसायची.

ऑर्लिन दारात येऊन उभा राहिला. पडद्यावरची भांडणं त्याने थोडा वेळ पाहिली.

"गोठ्यावर तीन कुत्री बांधलीस तू," तो म्हणाला. "ती एकमेकांचे कान चावणार. कोल्ह्याकडे कोण बघणार?"

"मग दोघांना काढू?"

"काढ."

"पण कुणाला?"

ऑर्लिनने खांदे उडवले. कोणाला काढायचं हा कुत्र्यांचा प्रश्न नव्हता, हे त्यालाही कळत होतं.

तो सगळा दिवस अर्डिसने त्यात घालवला. डब्यावरचं सगळं वाचलं. कुठला किती विषाणू ओळखतो, कुठला मशिन कमी अडवतो, कुठल्याला दरसाल पैसे. मुलाला सिॲटलला फोन केला, बापाच्या ऑपरेशनचा विषय न काढता विचारलं, तो म्हणाला, "आई, कुठलाही चालेल, पण एकच ठेव." कुठलाही चालेल हे उत्तर तिला अजिबात उपयोगाचं नव्हतं. शेवटी तिने जो निकष लावला तो कुठल्याच डब्यावर लिहिलेला नव्हता. पास्टर घरी आले तर पुढच्या खोलीत बसतात. डुएन आला तर मागच्या दारातच बूट घालून उभा राहतो. आतल्या खोलीत, जिथे कॉम्प्युटर आहे तिथपर्यंत येते ती फक्त लव्हॉन. पडद्याच्या कोपऱ्यातलं चिन्ह फक्त तिलाच दिसणार. म्हणून पिवळा राहिला. लाल आणि हिरवा काढून टाकताना अर्डिसला पाहुण्यांना हाकलल्यासारखं वाटलं, आणि त्या रविवारी चर्चमध्ये ती डुएनच्या नजरेला नजर देऊ शकली नाही.

एकटा पडल्यावर पिवळा कामाला लागला. एक धोका सापडला, असं त्याने सांगितलं. लांबलचक नाव, अर्धं अक्षरांचं, अर्धं आकड्यांचं. काढून टाकू? हो. काढला.

"काहीतरी होतं म्हणे," तिने ऑर्लिनला सांगितलं.

"गेलं?"

"गेलं."

"मग झालं तर."

खरंच गेलं होतं. त्या दिवसापासून ती पत्रं बंद झाली. अँटीव्हायरस कुठला घ्यावा यावर जगात वाद चालू दे, अर्डिसच्या पिवळ्याने आपलं काम चोख केलं. पण गावातल्या लोकांची बोटं एव्हाना सवयीने चालत होती. अर्डिसचं नाव, कचरा. मधे तिने एडनाच्या पडण्याची बातमी पाठवली, कुणाचं उत्तर आलं नाही. अर्डिसला चुटपुट लागली. एडनाच्या घरी केक मात्र पोचले, कारण एडना दुकानाच्या दारातच पडली होती आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

सोमवारी सकाळी फार्गोचा फोन आला. आजच या, उद्या पहाटे करू.

ऑर्लिन दाढी करायला गेला. अर्डिस बॅग भरायची सोडून कॉम्प्युटरपुढे बसली. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांसाठी लिहिलं होतं. आजवर स्वतःसाठी एक ओळ टाकली नव्हती. फोन करणं तर दूरच. स्वतःच्या दुःखासाठी फोन फिरवून कुणाला ये म्हणायचं, याला आमच्याकडे शब्दच नाही. साखळी असते ती त्याचसाठी. तुम्ही कुणालाच सांगत नाही आणि सगळ्यांना कळतं. तिने लिहिलं, 'ऑर्लिनच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन उद्या फार्गोला आहे.' मग 'मोठं' खोडलं. पुढे लिहिलं, 'प्रार्थनेत आठवण ठेवावी.' ते फार हक्काचं वाटलं, म्हणून आधी 'जमल्यास' घातलं. तिने बटण दाबलं.

मंगळवारी ती बाकावर बसली. तिच्याशेजारी कुठल्याशा शेतकऱ्याची बायको होती आणि त्या बाईचे सगळे सोयरे तिच्याभोवती सँडविचच्या पुड्या सोडून बसले होते.

"तुमचं कुणी?" त्या बाईने विचारलं.

"येतायत," अर्डिस म्हणाली.

लिफ्ट थांबली की ती मान वर करी. दार उघडे, कुणीतरी अनोळखी माणूस फुलं घेऊन जाई. रस्ते बंद असतील, तिने मनाशी म्हटलं. खिडकीबाहेर रस्ते स्वच्छ दिसत होते. लव्हॉनला सर्दी असेल. पास्टरांना मीटिंग असेल. दुपारी डॉक्टर येऊन म्हणाले, ऑपरेशन ठीक झालं, आणि ही बातमी सांगायला तिच्या शेजारी कुणी नव्हतं. कॉरिडॉरमध्ये फोन होता. तिने तो उचलला, आणि लव्हॉनचा नंबर फिरवायच्या आत ठेवून दिला. काय म्हणणार होती? तू का नाही आलीस?

बुधवारीही कुणी आलं नाही. संध्याकाळी तिला आठवलं, आत्ता सगळे तळघरात सूप पीत असतील. सगळे एकत्र. आणि त्यातल्या एकालाही… तिने तो विचार पुरा केला नाही.

गुरुवारी ऑर्लिनला साध्या खोलीत हलवलं. "घरी जाऊन ये," तो म्हणाला, "वस्तरा आण. मी बरा आहे." त्याचा चेहरा तिला राखेसारखा दिसला, पण त्याने पुन्हा तेच म्हटलं, म्हणून ती निघाली.

टॉर्सबीत शिरून घराकडे वळली आणि तिने गाडी थांबवली. दारापुढे बर्फ तसाच पडलेला. रात्रीच्या वाऱ्याने साठून मांडीपर्यंत. फाटकापासून पायरीपर्यंत एक पाऊल उमटलेलं नव्हतं. पायरीवर भांडं नव्हतं, चिठ्ठी नव्हती. आमच्याकडे ज्याच्याशी वैर आहे त्याचंही कुणी दवाखान्यात असलं तर लोक बर्फ काढून जातात. तोंड फिरवून काढतात, पण काढतात. ती बर्फातून कशीबशी आत गेली, कोट न काढता कॉम्प्युटर लावला. एक उत्तर नव्हतं. कोपऱ्यात पिवळं चिन्ह तेवढं सुखाने चमकत होतं.

तेव्हा तिच्या डोक्यात आलं ते ऐकून हसू येईल, पण तिला घाम फुटला होता. लव्हॉनने पाहिलं असणार. गेल्या आठवड्यात आली होती, एकटा पिवळाच आहे हे पाहून गेली. तिच्या तोंडून डुएनला कळलं, डुएनकडून पास्टरांना. माझी सीडी काढून टाकली. माझा हिरवा तिला हलका वाटला. रुसले! माझा नवरा तिथे छाती चिरून पडलाय आणि हे लोक एका सीडीवरून रुसले! अर्डिसला राग आला. इतका आला की तिला स्वतःचीच ओळख पटेना. ती उठली, रस्ता ओलांडला आणि लव्हॉनच्या दारावर मूठ आपटली. फोन न करता, हातात काही न घेता ती या दारात जन्मात पहिल्यांदा उभी होती.

"अगं बाई, अर्डिस! कुठे होतात तुम्ही? आम्हाला वाटलं, ॲरिझोनाला तुझ्या बहिणीकडे…"

"ऑर्लिनची छाती उघडली मंगळवारी."

लव्हॉनने चौकट धरली.

"मी लिहिलं होतं. सगळ्यांना. लाल ठेवला नाही म्हणून डुएन रागावला असेल तर मी आत्ता जाऊन बसवते. तिन्ही बसवते. पण तू का नाही आलीस, लव्हॉन? तुझा तर ठेवला होता मी!"

"काय बसवतेस? कसला लाल?" लव्हॉनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "अर्डिस, आम्ही वाचलंच नाही. कुणीच नाही. तुझी पत्रं आम्ही उघडतच नाही, नाताळापासून."

"का?"

"ती यायची ना. घाणेरडी. तुझ्या नावाने." आणि मग तिने तो मथळा सांगितला. तोंड फिरवून, भिंतीकडे बघत सांगितला.

अर्डिस तिथल्याच स्टुलावर बसली. तिच्या तोंडून पहिल्यांदा आला तो हसण्यासारखा आवाज होता. "हेल्मरलासुद्धा?"

"त्याला जास्तच."

"आणि तू माझ्या घरी येऊन कॉफी पिऊन गेलीस. पिवळ्या डब्याचं बोललीस."

"तुला वाईट वाटलं असतं गं."

"मग वाटू द्यायचं होतं!" अर्डिस ओरडली. "मेले असते का मी? लाज वाटली असती, आठवडाभर तोंड लपवलं असतं, संपलं असतं! त्या बाकावर तीन दिवस बसले मी, लव्हॉन. लिफ्टकडे बघत बसले. मला वाटलं, आमचं कुणीच नाही."

लव्हॉन नाक पुसत राहिली. अर्डिस उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"आणखी काय सांगितलं नाहीत मला?"

"काही नाही."

"लव्हॉन."

लव्हॉनने खुर्चीच्या पाठीवरचं विणकाम उचललं, पुन्हा ठेवलं.

"ऑक्टोबरात, बीटच्या वेळी," ती म्हणाली. "डुएनने पाहिलं होतं. ऑर्लिन वजनकाट्याच्या पुढे ट्रक लावून बसला होता, स्टिअरिंगवर डोकं टेकून. छाती धरून. दोनदा पाहिलं त्याने. विचारलं तर ऑर्लिन म्हणाला, जेवण बाधलंय."

"ऑक्टोबरात."

"डुएन म्हणाला, अर्डिसला कशाला घाबरवायचं. आम्ही म्हटलं, बरोबर आहे."

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही सगळेच," लव्हॉन म्हणाली.

अर्डिसला ओरडायचं होतं, पण आता ओरडणं येईना. ऑक्टोबरात ऑर्लिन रात्री उठून खुर्चीत बसायचा. तिने ते पाहिलं होतं. का रे, असं विचारलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं, म्हणून ती कूस बदलून झोपायची. आपण इतरांपेक्षा वेगळं काय केलं? मग तिला सकाळचा तो राखेसारखा चेहरा आठवला.

"गाडी काढ," ती म्हणाली. "माझ्याने आत्ता चालवणं होणार नाही. तू चालव."

लव्हॉनने एप्रनवरच कोट चढवला. वाटेत दोघींपैकी कुणी हवेबद्दल चकार शब्द काढला नाही.

फार्गोला पोचल्या तेव्हा ऑर्लिनच्या खोलीत संध्याकाळचं जेवण येऊन पडलं होतं आणि त्याने त्याला हात लावला नव्हता. भिंतीवर पांढरी फळी होती. त्यावर रोज नर्स विचारून लिहायची, दुखणं दहापैकी किती. आज तिथे दोन लिहिलं होतं.

"लव्हॉन," ऑर्लिन म्हणाला, "एवढ्या लांब कशाला आलीस? रस्ता कसा होता?"

"चांगला होता," लव्हॉन म्हणाली, आणि तोंड फिरवून कोट काढायला लागली.

अर्डिस पलंगाच्या कडेवर बसली. त्याचा हात हातात घेतला. तो गार आणि ओलसर होता. श्वास आखूड आखूड येत होता.

"दुखतंय का?"

"ठीक आहे. नर्सला सांगितलंय मी, दोन."

"मी नर्स नाही. मला सांग."

"अर्डिस, त्या मुलीला आज पाच खोल्या आहेत. दुसरे लोक जास्त…"

"ऑर्लिन." तिने त्याचा हात घट्ट धरला. "मला वाईट वाटेल म्हणून कमी सांगू नकोस. मला वाईट वाटू दे. किती?"

चाळीसएक वर्षांच्या संसारात तिने त्याला असं कोंडीत पकडलं नव्हतं. त्याची हनुवटी हलली.

"नऊ," तो म्हणाला. "सकाळपासून. श्वास पुरत नाही गं."

लव्हॉनने घंटीची कळ दाबली आणि दाबून धरली. अर्डिस तोवर दारात पोचली होती. जिने जन्मात दुकानातल्या पोऱ्यालाही हाक मारली नव्हती, ती कॉरिडॉरच्या मधोमध उभी राहून ओरडली, "इकडे या कुणीतरी! माझ्या नवऱ्याला श्वास येत नाहीये! आत्ता या!"

दारं उघडली. लोक बाहेर डोकावले. टोकाला दोन नर्स धावायला लागल्या, त्यांच्यामागे डॉक्टर.

"अर्डिस," आतून ऑर्लिनचा खोल गेलेला आवाज आला, "हळू. लोक बघतायत."

"बघू देत," ती म्हणाली, आणि धावत येणारे तिच्यापर्यंत पोचेस्तोवर ओरडत राहिली.